एक संगणक, दोन नांदणुका



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी बाराखडी गिरवली, त्याच शाळेने आज मला व्याख्यानासाठी उभे करावे, हा मी माझा बहुमान समजतो. ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ चालते, ते आपले गणिताचे सर माझ्या पिढीतील बहुतेकांना आठवत असतील. वर्गात पाऊल टाकताच त्यांचा पहिला प्रश्न असे, "कच्ची वही कुठे आहे?" पक्की वही कोणीही सांभाळतो, पण गणित घडते ते कच्च्या वहीत, म्हणून ती आधी दाखवा, असा त्यांचा आग्रह असे. एकाच दप्तरात दोन वह्या आणि दोहोंचे काम निराळे, ही शिस्त त्यांनी आम्हांला लावली. आजच्या विषयाशी तिचा संबंध आहे. तो पुढे येईलच.

आयुष्यभर मराठी भाषा आणि वाङ्मय शिकविलेला मनुष्य संगणकावर बोलणार, हे निमंत्रणपत्रिकेत वाचून काहींना आश्चर्य वाटले असेल. संगणकशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु गेली पंचवीस-तीस वर्षे माझे संशोधनाचे टिपण संगणकावरच चालत आले आहे, आणि त्या यंत्राने मला जे शिकविले त्याचा इतिहास धुंडाळण्याची खोड मला लागली. विषय असा : एकाच टेबलावरील संगणकात विंडोज आणि लिनक्स या दोन कार्यप्रणाली शेजारी शेजारी बसवायच्या आणि यंत्र सुरू करताना त्यांतील एक निवडायची. जाणकार याला 'ड्युअल बूट' म्हणतात. वरवर पाहता हा कारागिरीचा मामला. पण त्यात वाटण्या आहेत, हक्काचे तंटे आहेत, तडजोडी आहेत आणि आपल्या देवनागरीचाही एक अध्याय आहे.

आपण इंदूरची मराठी माणसे. घरात मराठी, चौकात हिंदी, आणि दोन्हींत स्वप्ने पडतात. आपल्या पूर्वजांची दफ्तरे पाहा. झरझर लिहायचे ते मोडीत, पोथी उतरवायची ती बाळबोधीत. लिहिणारा हात एकच, पण कामापरत्वे लिपी निराळी. तेव्हा एका घरात दोन व्यवस्था नांदविणे ही आपल्याला परकी गोष्ट नाही. असो. आता मूळ विषयाकडे वळतो.

१. चार वाटेकरी

आयबीएम या कंपनीने आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आणला. त्याच्यासाठी एकच कार्यप्रणाली ठरलेली नव्हती. मायक्रोसॉफ्टने पुरविलेली पीसी-डॉस, डिजिटल रिसर्चची सीपी/एम-८६ आणि यूसीएसडी पी-सिस्टिम अशा तीन प्रणाली जाहीर झाल्या होत्या. पहिल्या यंत्रांत कायमची डिस्क नसे. कार्यप्रणाली फ्लॉपीवर असे. म्हणजे प्रणाली बदलायची तर फ्लॉपी बदलली की झाले. निवड करणारा हात माणसाचा होता आणि ती निवड डोळ्यांना दिसत होती.

अडचण उभी राहिली ती १९८३ साली. त्या वर्षी आलेल्या आयबीएम पीसी एक्सटी या यंत्रात दहा मेगाबाइटांची कायमची डिस्क बसविलेली होती. ही डिस्क फ्लॉपीसारखी काढता येत नाही. मग तिच्यावर एकाहून अधिक प्रणाली ठेवायच्या कशा? त्याच वर्षीच्या डॉस २.० बरोबर यावर तोड निघाली. डिस्कच्या अगदी पहिल्या खणात, म्हणजे ५१२ बाइटांच्या जागेत, एक छोटे कोष्टक ठेवण्यात आले. या ५१२ पैकी ४४६ बाइट सुरुवातीच्या आज्ञांसाठी, ६४ बाइट कोष्टकासाठी आणि शेवटचे २ बाइट खुणेसाठी. कोष्टकात सोळा-सोळा बाइटांच्या चार ओळी. प्रत्येक ओळीत एका वाटेकऱ्याची हद्द : जमीन कोठून सुरू होते आणि किती लांब आहे. शिवाय चौघांपैकी 'चालू' कोण, याची एक खूण.

यंत्र सुरू होताना काय घडते, ते येथे थोडक्यात सांगतो. वीज आल्यावर यंत्राच्या पटावर कोरलेला 'बायॉस' नावाचा छोटा कार्यक्रम जागा होतो, अवयव तपासतो आणि डिस्कचा तो पहिला खण वाचून त्यातील आज्ञांच्या हाती कारभार देतो. त्या आज्ञा कोष्टक पाहतात आणि ज्याच्या नावापुढे खूण असेल त्या प्रणालीला उठवितात. स्वतःच्या बुटांचे बंद ओढून स्वतःलाच वर उचलणे, या इंग्रजी कल्पनेवरून या क्रियेला 'बूट' हे नाव पडले. हातावर मावेल एवढी आज्ञा तिच्याहून मोठ्या आज्ञेला उठविते, ती आणखी मोठ्या व्यवस्थेला, अशी ही चढण आहे.

सारांश, दोन प्रणालींची सोय ही कोणा हौशी माणसाने मागाहून घातलेली पुरवणी नव्हे. डिस्कच्या वाटणीपत्रातच चार वाटेकरी गृहीत धरलेले होते. पुढे बहुतेक यंत्रांत चारही वाटे एकाच कुटुंबाने वापरले, ही गोष्ट निराळी.

२. हेलसिंकीतील भाडेकरू

लिनक्सचा जन्मच अशा वाटणी केलेल्या डिस्कवर झाला. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने जानेवारी १९९१ मध्ये हप्त्यांवर एक ३८६ जातीचा संगणक घेतला. त्यावर डॉस होते. त्याला हवी होती ती मिनिक्स ही प्रणाली. ॲम्स्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९८७ साली विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी ती रचली होती. मिनिक्स येईपर्यंत डॉसवर खेळ खेळून त्याने दिवस काढले. ती आल्यावर तिच्या आधाराने त्याने स्वतःची प्रणाली लिहायला घेतली. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने मिनिक्स वापरणाऱ्यांच्या मंडळीत आपला बेत जाहीर केला आणि सप्टेंबरमध्ये ०.०१ ही पहिली आवृत्ती लोकांपुढे ठेवली. ती स्वतःच्या पायावर उभी नव्हती. तिची घडण करण्यासाठी शेजारच्या वाट्यातील मिनिक्स लागत असे. म्हणजे लिनक्स आधी भाडेकरू म्हणून राहिली आणि मग घरधनी झाली.

ती घरधनी कशी झाली, याची हकिगत टोरवाल्ड्स याने आपल्या आत्मकथनात सांगितली आहे. विद्यापीठाच्या संगणकाशी दूरध्वनीच्या तारेतून संपर्क साधताना त्याने चुकीच्या साधनाचे नाव दिले. जो मजकूर मोडेमकडे जायचा तो थेट डिस्कवर गेला आणि मिनिक्सचा वाटा बिघडला. मिनिक्स पुन्हा बसवावी की आता आपल्याच प्रणालीवर विसंबावे, असा प्रश्न उभा राहिला. त्याने दुसरा मार्ग घेतला. चुकलेल्या एका शब्दाने वाटा पुसला जाणे हा या विषयातील आद्य अपघात होय. तसाच एक माझ्याही हातून घडला. त्याने मात्र मला कोणतीही नवी प्रणाली दिली नाही. ते पुढे सांगेन.

लिनक्स हे खरे पाहता गाभ्याचे नाव आहे. त्याच्याभोवतीची पुष्कळ अवजारे रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली घोषित केलेल्या 'ग्नू' प्रकल्पातून आली. कार्यक्रमाचा मूळ मजकूर सर्वांना वाचता, बदलता आणि वाटता यावा, ही त्या प्रकल्पाची प्रतिज्ञा. टोरवाल्ड्स याने १९९२ मध्ये आपल्या गाभ्यालाही त्यांचाच जीपीएल हा परवाना लावला. मार्च १९९४ मध्ये १.० ही आवृत्ती निघाली.

३. द्वारपाल

आता एका डिस्कवर दोन प्रणाली आल्या. दारात उभे राहून "आपल्याला कोणाकडे जायचे आहे?" असे विचारणारा कोणी तरी हवा. वर्नर आल्मेस्बर्गर यांनी लिहिलेला 'लिलो' हा लिनक्सचा पहिला सर्वमान्य द्वारपाल. त्याची एक गंमत मला भाषेचा विद्यार्थी म्हणून फार भावते. लिलो आपल्या नावातील चार रोमन अक्षरे एकेक करून पडद्यावर उमटवीत असे, आणि प्रत्येक अक्षर म्हणजे एक पायरी पूर्ण झाल्याची पावती. यंत्र 'लि' वरच अडले, तर बिघाड कोणत्या पायरीवर आहे हे जाणत्याला कळे. अपुरा शब्द अर्थ सांगतो, याचे इतके चोख उदाहरण मला व्याकरणातही सापडले नाही.

लिलोची अडचण अशी की गाभा डिस्कवर नेमका कोठे आहे, याचा पत्ता तो आधीच टिपून ठेवी. गाभा बदलला आणि लिलोला पुन्हा सांगायचे राहिले, तर द्वारपाल जुन्या पत्त्यावर जाई आणि तेथे कोणी नसे. दुसरी अडचण बायॉसची होती. डिस्कवरील वर्तुळांचा क्रमांक लिहिण्यासाठी बायॉसपाशी दहाच द्विमान अंक होते. म्हणून १०२४ च्या पलीकडची वर्तुळे त्याला दिसतच नसत. त्यामुळे आरंभी सुमारे ५०४ मेगाबाइटांपर्यंत आणि पुढे युक्त्या योजून सुमारे आठ गिगाबाइटांपर्यंतच त्याची नजर पोहोचे. गाभा त्या रेषेच्या अलीकडे ठेवावा लागे. लिनक्ससाठी डिस्कच्या आरंभीच एक लहानसा वाटा राखण्याची रूढी पडली ती यामुळे. रूढीचे कारण नाहीसे झाले तरी रूढी बरीच वर्षे चालू राहते, हे आपण समाजात पाहतोच. संगणकातही तसेच झाले.

एरिक बोलिन यांनी १९९५ साली लिहायला घेतलेल्या 'ग्रब' या द्वारपालाने पहिली अडचण दूर केली. तो पत्ता पाठ करीत नाही. त्याला डिस्कवरील फायलींची मांडणी स्वतः वाचता येते. १९९९ मध्ये तो ग्नू प्रकल्पात सामील झाला आणि आज बहुतेक ठिकाणी लिनक्सच्या दारात तोच असतो.

विंडोजच्या बाजूने पाहिले, तर १९९३ च्या विंडोज एनटीपाशीही स्वतःचा द्वारपाल होता आणि थोडी खटपट केल्यास तो लिनक्सलाही वाट देत असे. परंतु घरोघरी पसरली ती ऑगस्ट १९९५ मधील विंडोज ९५. तिची स्थापना करताना डिस्कचा पहिला खण नव्याने लिहिला जाई. तेथे आधी लिलो असेल तर तो जाई आणि लिनक्स जागच्या जागी असूनही दिसेनाशी होई. म्हणून जाणत्यांत एक नियम रूढ झाला : आधी विंडोज, मागून लिनक्स. ज्याला शेजाऱ्याची दखल घेता येत नाही त्याला आधी बसू द्यावे, आणि ज्याला येते त्याने मागून येऊन दोघांचीही नावे दारावर लावावीत.

४. दारावरील हक्क

या द्वारपालाला तांत्रिक महत्त्वाहून मोठे महत्त्व आहे, हे एका खटल्याने दाखवून दिले. बी नावाच्या अमेरिकन कंपनीने बीओएस ही प्रणाली तयार केली होती. नव्या संगणकात विंडोजच्या जोडीला तीही बसवून द्यावी, अशी तिने उत्पादकांना विनंती केली. जपानच्या हिताची कंपनीने काही यंत्रांत ती बसविलीही; पण यंत्र सुरू करताना निवडीची पाटी मात्र येत नसे. डिस्कवर प्रणाली आहे आणि ग्राहकाला तिचा पत्ताच नाही, अशी स्थिती झाली. मायक्रोसॉफ्टचे उत्पादकांशी असलेले करार अशी पाटी दाखवू देत नाहीत, हा बी कंपनीचा आरोप होता. तिने २००२ मध्ये दावा लावला. सप्टेंबर २००३ मध्ये २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलरांवर तडजोड झाली. मायक्रोसॉफ्टने दोष मान्य केला नाही. तोवर बीचा व्यवसाय मात्र संपला होता.

या प्रकरणाचा बोध मी असा घेतो. घरात खोली असणे पुरेसे नाही. दारावर नावाची पाटीही लागते. महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळांना ही गोष्ट निराळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

५. साडेपाच तासांचे अंतर

आता माझ्या घरची हकिगत. १९९७ पासून मी माळव्यात प्रसिद्ध झालेल्या मराठी ग्रंथांची आणि नियतकालिकांची सूची करीत होतो. त्यासाठी एक मराठी अक्षरलेखनाचा कार्यक्रम विकत घेतला होता. तो फक्त विंडोज ९८ वर चाले, आणि संगणकाच्या पाठीमागे प्रिंटरच्या जागी एक कुलूप लावले तरच उघडे. २००३ च्या सुमारास माझा एक विद्यार्थी, जो मराठीचा वर्ग बुडवून अभियांत्रिकीकडे गेला होता, घरी आला. यंत्र पाहून तो म्हणाला, "सर, हे सगळं तुमचं लिखाण एका कुलपाच्या भरवशावर आहे. कुलूप बिघडलं तर?" त्याने लिनक्सची सीडी आणली, विंडोजचा वाटा आक्रसून घेतला आणि उरलेल्या जागेत लिनक्स बसविली. आधी फायली एका अंगाला गोळा करायच्या, मगच वाटा लहान करायचा, हा क्रम त्याने मला समजावून सांगितला. त्या रात्री पडद्यावर दोन नावांची पाटी आली, तेव्हा मला घराला दुसरे दार फुटल्यासारखे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मी विंडोज उघडली. सौभाग्यवती चहा घेऊन आल्या, पडद्याकडे पाहून म्हणाल्या, "अहो, तुमच्या यंत्रात अजून पहाटेचे साडेचारच वाजलेत!" यंत्र बिघडले असे मला वाटले. विद्यार्थ्याने खुलासा केला. यंत्राच्या पोटात बॅटरीवर चालणारे एक घड्याळ असते. विंडोज त्यातील वेळ स्थानिक आहे असे मानते. ही डॉसच्या काळापासूनची वहिवाट. लिनक्स तीच वेळ जागतिक प्रमाणवेळ मानते आणि तिच्यात आपले साडेपाच तास मिळविते. घड्याळ एकच, पण दोघींचे वाचन निराळे. शेवटी दोघींपैकी एकीला दुसरीची रीत शिकवावी लागते. आम्ही लिनक्सला स्थानिक वेळ मानायला सांगितले आणि घरात शांतता झाली.

यानंतर जे घडले ते सांगणे मला जड जाते. परंतु आजच्या व्याख्यानाचे प्रयोजन तेच आहे. काही महिन्यांनी लिनक्सची नवी आवृत्ती माझ्या हाती आली. विद्यार्थी परगावी होता. आपण एकदा पाहिले आहे, आता आपल्याला येते, या भ्रमात मी सीडी घातली. डिस्कची मांडणी कशी करायची असा प्रश्न आला. तीन पर्याय होते. मी घाईने, नीट न वाचता, सर्व वाटे काढून टाकणारा पर्याय निवडला. यंत्राने पुन्हा विचारले, खात्री आहे का? मी 'होय' म्हणालो. जन्मभर विद्यार्थ्यांना "प्रश्न नीट वाचा" असे सांगणाऱ्या माणसाने प्रश्न वाचला नाही. दोष यंत्राचा नव्हता, सीडीचा नव्हता, त्या विद्यार्थ्याचाही नव्हता.

सूचीचे कार्ड माझ्या कपाटात होते. ती मी दोन वर्षे खपून पुन्हा भरली. पण इंदुरातील एका जुन्या छापखान्यात खिळे जुळविण्यात आयुष्य घालविलेल्या एका वृद्ध गृहस्थांच्या आठवणी मी सात-आठ बैठकांत थेट संगणकावर उतरवून घेतल्या होत्या. जोडाक्षरांचे खिळे कोणत्या घरात ठेवीत, कोणते कमी पडत आणि मग काय युक्ती करीत, हे सारे त्यात होते. त्याचा कागद नव्हता, दुसरी प्रत नव्हती. ते गृहस्थ त्याआधीच्याच पावसाळ्यात गेले होते. मला जेवढे आठवले तेवढे मी लिहून काढले. पण ते माझे शब्द होते, त्यांचे नव्हते. सरांनी विचारले असते, "कच्ची वही कुठे आहे?", तर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

६. देवनागरीचा अध्याय

या घटनेनंतर मी जुन्या मजकुराच्या जपणुकीचा विचार अधिक गांभीर्याने करू लागलो, आणि एक नवेच संकट ध्यानात आले. माझ्या उरलेल्या फायली लिनक्सच्या बाजूला उघडल्या की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसे. कारण असे की त्या काळातील पुष्कळ मराठी कार्यक्रम देवनागरी म्हणून काही साठवीतच नसत. ते रोमन अक्षरांचे क्रमांक साठवीत आणि त्यांच्यावर देवनागरी आकारांचा मुखवटा चढवीत. मुखवटा गेला की मराठी गेली.

खरे तर यावरचा उपाय फार आधी निघाला होता. देवनागरीसह भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झाली. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने 'जिस्ट' तंत्राद्वारे तिचा प्रसार केला. तिच्याच १९८८ च्या आराखड्यावर आधारलेली देवनागरी ऑक्टोबर १९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत समाविष्ट झाली. लिनक्सची पहिली आवृत्ती आणि जागतिक संकेतकोशातील देवनागरी या एकाच शरद ऋतूतील घटना आहेत.

परंतु कोशात जागा मिळणे आणि पडद्यावर 'क्ष' नीट उमटणे यांत बरेच अंतर असते. विंडोजच्या बाजूने ते अंतर विंडोज २००० मध्ये ओलांडले गेले. तिच्यातील 'मंगल' हा टंक र. कृ. जोशी यांनी घडविला. ज्यांना आपण मराठीचे कवी आणि सुलेखनकार म्हणून ओळखतो, त्यांच्याच हाताची वळणे जगभरच्या संगणकांत गेली. लिनक्सच्या बाजूने हे काम अनेक हातांनी केले. 'इंडलिनक्स'सारख्या उपक्रमांतील स्वयंसेवकांनी भारतीय भाषांची सोय उभी केली, 'गार्गी' हा मुक्त टंक आला, रेड हॅटने 'लोहित' टंक मुक्त परवान्याखाली दिले, आणि पडद्यावरचे हजारो शब्द कोणी ना कोणी फावल्या वेळात मराठीत आणले. एका बाजूला एका थोर कलावंताची नेमणूक, दुसऱ्या बाजूला अनेकांची सार्वजनिक वर्गणी. मराठीला दोहोंचा उपयोग झाला. म्हणून या दोन प्रणालींच्या भांडणात मी कोणाचाही वकील नाही.

माझ्या फायलींना दोन्ही बाजूंची गरज पडली. कुलपाचा कार्यक्रम विंडोजमध्ये चालवून मूळ मजकूर वाचायचा. लिनक्सच्या बाजूला त्याच विद्यार्थ्याने लिहिलेल्या छोट्या कार्यक्रमाने रोमन क्रमांकांचे युनिकोडमध्ये रूपांतर करायचे. पुन्हा विंडोजमध्ये येऊन मूळाशी ताडून पाहायचे. ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी काढायचा पण नंतर साठवायचा, रफार कोणत्या अक्षरावर, अशा शेकडो शंका निघाल्या. त्या काळात दिवसातून चार-पाच वेळा मी यंत्र बंद करून दुसऱ्या दाराने आत गेलो आहे. कच्ची वही आणि पक्की वही यांचा अर्थ मला पासष्टीच्या उंबरठ्यावर कळला. सूची युनिकोडमध्ये पूर्ण झाली, आणि आज ती कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही कुलपाशिवाय उघडते.

७. नवे दार

पुढील इतिहास थोडक्यात सांगतो. चार वाटेकऱ्यांचे जुने कोष्टक दोन टेराबाइटांपलीकडची डिस्क मोजू शकत नव्हते. बायॉसची जागा घेणाऱ्या यूईएफआय या व्यवस्थेसाठी २००५ मध्ये मंडळ स्थापन झाले. तिच्या नव्या कोष्टकात सर्वसाधारणपणे १२८ वाट्यांची सोय असते, आणि सर्व द्वारपालांसाठी एक सामाईक ओसरी राखलेली असते. आता एकाने दुसऱ्याचा खण पुसण्याचे कारण उरले नाही. परंतु २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर 'सिक्युअर बूट' आले. ज्याच्या हाती मान्य शिक्का, त्यालाच दार उघडेल, अशी ही योजना आहे. घातक कार्यक्रमांना अडविणे हा तिचा हेतू रास्त होता. पण बहुतेक यंत्रांत शिक्क्याची किल्ली मायक्रोसॉफ्टची होती. तेव्हा मॅथ्यू गॅरेट आदींनी 'शिम' नावाचा लहानसा मध्यस्थ तयार केला. त्याच्यावर मायक्रोसॉफ्टचा शिक्का घेतला जातो आणि तो पुढे ग्रबला वाट देतो. पूर्वी ज्यांच्यात तंटा होता त्यांच्यातील ही तडजोड आहे.

२०१६ पासून तर विंडोजच्या आतच लिनक्सची अवजारे चालविण्याची सोय झाली आहे. यंत्र बंद न करता दोन्ही प्रणाली एका वेळी वापरता येतात. मग दोन दारांचा खटाटोप आता कशाला, असा प्रश्न तरुण श्रोते विचारतील. त्याचे उत्तर जुन्या यंत्रांत आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ जुन्या प्रोसेसरच्या आणि टीपीएम २.० नसलेल्या यंत्रांना आपल्यात घेत नाही. अशी यंत्रे भंगारात काढण्याचा विचार अनेक संस्था करीत आहेत. त्या यंत्रांवर लिनक्स बसविली तर ती आणखी काही वर्षे विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडतील; आणि जुन्या विंडोजचा वाटा इंटरनेटशी न जोडता तसाच ठेवला, तर जुन्या फायली वाचण्याचे साधनही हाती राहील.

हे मी का सांगतो? आपल्या शाळेच्या अनेक स्मरणिका ज्या काळात संगणकावर जुळविल्या गेल्या, तो काळ मुखवट्याच्या मराठीचा होता. त्यांत आपल्या सरांचे लेख आहेत, माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी आहेत. छापील प्रती वाळवीच्या तडाख्यात सापडत आहेत, आणि त्या फायली उघडू शकणारी यंत्रे येत्या काही वर्षांत उरणार नाहीत. सभागृहात बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण संगणकाच्या व्यवसायात आहेत. त्यांनी वर्षातील दोन-चार रविवार शाळेला द्यावेत, एवढीच माझी प्रार्थना आहे. आधी सर्व फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढावी आणि ती उघडून पाहावी. मग जुन्या विंडोजशेजारी लिनक्स बसवावी. नंतर एकेक स्मरणिका युनिकोडमध्ये आणावी. ताडून पाहण्यासाठी डोळे लागतील. माझे अजून बरे आहेत, ते मी देतो. हा क्रम मात्र बदलू नये. पहिली पायरी गाळणाऱ्याचे काय होते, ते आपण आताच ऐकले.

छापखान्यातील त्या गृहस्थांचे शब्द मी परत आणू शकत नाही. शाळेच्या स्मरणिकांतील शब्द अजून जागच्या जागी आहेत. ते जपता आले, तर सरांच्या स्मृतीला आपण काही तरी वाहिले असे मला वाटेल.